मागच्या खोलीत रेंज नाही

जगातला पहिला फोन शेजारच्याच खोलीत केला होता. 10 मार्च 1876 रोजी बोस्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलसाहेबांनी यंत्रात तोंड घालून आपल्या मदतनिसाला, थॉमस वॉटसनला, इकडे ये म्हणून सांगितलं आणि वॉटसन पलीकडून आला. संभाषण संपलं. ना तब्येतपाणी, ना जेवण झालं का. अमरावतीत आज घरोघरी हाच प्रयोग चालतो. आई स्वयंपाकघरातून माडीवरच्या पोराला व्हॉट्सॲपवर कॉल लावते, "ये ना बापा जेवाले, भाकर थंडी होऊन राहिली," आणि पोरगा वरून म्हणतो, "आई, आवाज कटून राहिला." वास्तविक आईचा आवाज जिन्यातून सरळ, खणखणीत आणि शेजारच्या घरालाही पोचेल असा आलेला असतो. फोनमधला तेवढा कटतो, कारण वरच्या खोलीत रेंज नाही.

बेलचं नाव राहिलं, वॉटसनचं राहिलं. त्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीबद्दल कोणी बोलत नाही. मला जे काय म्हणायचंय ते त्या भिंतीबद्दल.

आपल्याकडे कनेक्शन घरात येतं म्हणजे हॉलमध्ये येतं. रस्त्याकडची खिडकी तिथं, टीव्ही तिथं, दिवाण तिथं आणि दिवाणावर घरातला कर्ता पुरुष. त्याच्या हिशेबानं नेट हॉलमध्ये आलं म्हणजे घरात आलं; आता कोणाला हवं असेल त्यानं इथं येऊन बसावं. अशा घरात कोणी "मागच्या खोलीत एक पॉइंट पाहिजे होता" म्हणालं, तर ती मागणी वायरीची आहे असं समजू नये. हॉलमध्ये बसलेल्या माणसापासून जरा लांब जाऊन बोलायचंय, पाहायचंय, इतकाच तिचा अर्थ. आणि हॉलमधल्या माणसाला तो बरोबर कळतो. म्हणून तो वायरीचा खर्च विचारतच नाही. तो विचारतो, "काहून? अठी काय झालं?"

ही लढाई वायफायच्या फार आधीची आहे. फोन मिळणंच दुर्मीळ होतं तेव्हा 'ओन युवर टेलिफोन' नावाची सरकारी योजना असे. अनामत जास्त भरली की नंबर लवकर लागायचा. 'लवकर' याचा अर्थ तेव्हा वेगळा होता. तोवर शेजाऱ्यांचा नंबर लग्नपत्रिकेवर 'पी. पी.' लिहून छापायचा आणि शेजाऱ्यांनी खिडकीतून हाक मारायची. स्वतःचा फोन आला की त्यावर क्रोशाचं झाकण आणि डायलला बोटभर कुलूप. बिघडला तर 198 वर तक्रार करायची, पण त्यासाठी दुसऱ्याचा चालू फोन लागायचा. मग एखाद्या वर्षी, बहुधा घरात उपवर मुलगी झाली की, आतल्या खोलीत एक 'पॅरलल' घ्यायचं निघे.

पॅरललची गोष्ट नव्या पिढीला सांगितली पाहिजे, कारण असं पाळत-यंत्र पुन्हा झालं नाही. डायल फिरवायच्या फोनमध्ये आकडा म्हणजे लाइन तितक्या वेळा तुटणं आणि जुळणं. सात फिरवला तर सात झटके, शून्य फिरवला तर दहा. एकाच लाइनवर दोन फोन जोडले, की आतल्या खोलीत डायल फिरे तेव्हा हॉलमधल्या फोनची घंटी बारीक आवाजात टिणटिण करी. ओळखीच्या एका घरातले आजोबा, निवृत्त हेडमास्तर, पेपरातून डोकं न काढता ही टिणटिण मोजत. "चार... नऊ... दोन... हा तं राजापेठेतल्या मावशीचा नंबर होय. सकाळीच तं बोलली हे तिच्यासंगं." नात मधेच थांबे, मुद्दाम चुकीचा आकडा फिरवून रिसीव्हर ठेवी, पुन्हा सुरुवात करी. आजोबा पेपरावर पेन्सिलीनं आकडे लिहून ठेवत. अनोळखी नंबर निघाला की मात्र ते पेपर घडी करत, चष्मा काढत आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत जात.

पुढे बटनांचे फोन आले, एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं, नंबर टोननं लागू लागला आणि टिणटिण बंद पडली. आजोबांनी थोडे दिवस हॉलमधला रिसीव्हर अलगद उचलून पाहिला. पण एकाच लाइनवर दुसरा रिसीव्हर उचलला की पहिल्यात आवाज खाली जातो. आतून नात नुसतं म्हणे, "आबा, ठेवा."

जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलनं 'डेटावन' ब्रॉडबँड आणलं. वेग 256 केबीपीएस. आज त्या वेगात एक फोटोसुद्धा कंटाळून जाईल, पण तेव्हा तो विजेसारखा वाटे. त्यातल्या एका लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 कितीही डाउनलोड करा, पैसे नाहीत. अमरावतीतली इंजिनिअरिंगची पोरं पावणेदोनचा गजर लावून उठू लागली. बापांना वाटलं, पोरगं सुधरलं. अडचण एकच होती. मोडेम हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये दिवाणावर आजोबा. अंधारात मोडेमचे दिवे लुकलुकले की आजोबा कूस बदलून विचारत, "कोण हाये?" सिनेमा उतरवणाऱ्या पोराला या प्रश्नाचं काय उत्तर देणार.

म्हणून मोडेम आतल्या खोलीत न्यायचा. तेव्हा लोकांना पहिल्यांदा 'स्प्लिटर' नावाची डबी कळली. माणसाचा आवाज 4 किलोहर्ट्झच्या खाली चालतो, आणि नेट 25 पासून पार 1100 किलोहर्ट्झपर्यंत. तांब्याच्या एकाच जोडीत दोघं सुखानं राहतात, फक्त मध्ये ही डबी पाहिजे. ती न लावता पॅरलल फोन जोडला तर फोनमध्ये 'सूंऽऽ' असा आवाज येई, आणि फोन उचलला की नेट जाई. हा शोध त्या हेडमास्तर आजोबांना लागला तेव्हा त्यांची रात्रीची झोप एकाएकी कमी झाली. सव्वादोनला ते उठत, 'लाइन चालू हाये का' ते पाहायला म्हणून रिसीव्हर उचलत आणि समाधानानं ठेवत. नातवाचा सिनेमा महिनाभर पहिल्या गाण्याच्या पुढे गेला नाही.

नंतर मोबाइल आले आणि वाटलं की खोलीचा प्रश्न सुटला. सुटला नाही, थांबला होता. मार्च 2020 मध्ये कोरोनाचं लॉकडाऊन लागलं आणि पुण्याकडे हिंजवडीत आयटीत असलेली पोरं लॅपटॉप काखेत मारून घरी आली. अमरावतीनं तर फेब्रुवारी 2021 मध्ये उरलेल्या महाराष्ट्राच्या आधी पुन्हा लॉकडाऊन भोगलं. एका घरात मुलगा पुण्याच्या कंपनीत, सून बंगळुरूच्या, नातू शाळेत आणि धाकटी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची परीक्षा देत असलेली. सगळे हॉलमध्ये, कारण राउटर हॉलमध्ये. मुलगा इंग्रजीत "ऐकू येतंय का" असं विचारी आणि मागून आई म्हणे, "काय रे, बहिरा हाये का तो?" वडील बनियनवर पेपर घ्यायला मागून जात. पुढे पुढे अमेरिकेतल्या क्लायंटला त्यांची सवय झाली. एक दिवस ते दिसले नाहीत तर त्यानं मीटिंग थांबवून विचारलं, तब्येत बरी आहे ना. वडिलांना हे कळल्यापासून ते मीटिंगच्या वेळी सदरा घालून जाऊ लागले. मुलानं त्याच संध्याकाळी नेटच्या कंपनीला फोन केला, की मागच्या खोलीत कनेक्शन पाहिजे.

इथं भिंतीचं शास्त्र थोडं सांगावं लागेल. घरातला राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो, 2.4 गिगाहर्ट्झच्या आणि 5 च्या. पहिल्या संथ, पण भिंत ओलांडून जातात. पाचवाल्या म्हणजे नवा जावई: बैठकीत जोरदार, आतल्या खोलीत जायला संकोच. त्यात लोखंडी कपाट आडवं आलं तर दोघीही परत फिरतात. आणि आपल्याकडे देवघराच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट नाही असं घर दाखवा.

पण वऱ्हाडातला खरा शत्रू कपाट नाही, कूलर आहे. पाणी 2.4 गिगाहर्ट्झची लहर पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच आसपासच्या लहरींनी आणि त्याच गुणावर भात गरम करतो. आता कूलर म्हणजे काय? पत्र्याचा पुरुषभर उंच डबा, त्याच्या तीन बाजूंना ओल्या गवताच्या ताट्या आणि तळाशी हंडाभर पाणी. लहरींना अडवायचं म्हणून एखाद्या संशोधन संस्थेनं काही बनवलं असतं तर ते असंच दिसलं असतं. तो मार्चमध्ये गच्चीवरून उतरतो, हॉल आणि मागच्या खोलीच्या मधल्या खिडकीत बसतो, आणि त्या दिवशी मागच्या खोलीतलं नेट जातं. जूनमध्ये पाऊस आला, कूलर झाकला, की नेट परत. हेल्पलाइनवर हे सांगून पाहा. तिकडची दिल्लीकडची मुलगी गोड आवाजात विचारते, "सर, राउटर रीस्टार्ट केला होता का?" तिला ताटी कशी समजावणार? मी एकदा 'मौसमी बिघाड' असं हिंदीत सांगितलं, तर तिनं तक्रार 'पावसामुळे' म्हणून नोंदवली. बाहेर 45 अंश होते.

शिवाय बोर्डाचा प्रश्न. हॉलमधल्या त्या कोपऱ्यात एकच प्लग, आणि त्यावर हक्क सांगणारे दोघं. राउटर लावायचा की कूलर, हा प्रश्न एप्रिलमध्ये विचारायचा नसतो.

यावर लोक पहिला उपाय करतात तो रिपीटरचा. छोटं यंत्र, भिंतीत खोचायचं, नेट पुढे पाठवतं. पण ते कुठे खोचतात? जिथं रेंज येत नाही तिथंच, मागच्या खोलीत. मग ते यंत्र तिथं न आलेलं नेट इमानदारीनं पुढच्या खोलीला देत बसतं. मधे, अर्ध्या वाटेवर लावा असं सांगावं तर अर्ध्या वाटेवर देवघर, आणि देवघरातल्या प्लगवर समईचा विजेचा दिवा. 'मेश' नावाचे डबे निघालेत, ते चांगले चालतात, पण त्यांच्या किमतीत दुसरा कूलर येतो. माझं मत विचाराल तर सरळ तार ओढावी. लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत कुरकुर न करता जाते. शंभर मीटरची मागची खोली असलेलं घर आता गढ्यांतच सापडेल. लहर भिंतीला घाबरते, तार घाबरत नाही. तिला फक्त एक भोक लागतं.

आणि भोक पाडायला माणूस लागतो.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर, लोणीपासून मान्यापर्यंत, 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीसेक किलोमीटरचा, आणि तिथं दहा दिवस लागले होते. आम्हा लोकांची छाती फुगली. त्या रस्त्यावरून आता गाडी पाण्यासारखी पळते. त्याच शहरात हॉलमधून मागच्या खोलीत वायर न्यायची, मध्ये एक भिंत, तर उत्तर येतं, "करून देऊ ना भाऊ, सोमवारी." कोणत्या सोमवारी ते विचारायचं नसतं. विचारलंच तर तो राजकमल चौकात असतो, तोंडात गिला वडा असतो, आणि मागून "दही अजून टाक" असं ऐकू येतं.

जुना लाइनमन वेगळा होता. सायकलला शिडी बांधून यायचा, कंबरेला चामड्याची पिशवी, वायरीचं आवरण दातांनी सोलायचा. त्याच वेळी कोणाचा फोन आला तर घंटीचे 75 व्होल्ट थेट दाढेत जात. तो शांतपणे तोंड मिटायचा आणि म्हणायचा, "चालू झाला तुमचा फोन." याहून खात्रीची तपासणी मी पाहिली नाही. त्या तांब्याच्या लाइनची आणखी एक ऐट होती. तिला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून मिळे, म्हणून भारनियमनात आठ-आठ तास घरची वीज गेली तरी फोन चालू. अंधारात बसून लोक एकमेकांना फोन करत, "तुमच्याकडे आली का?"

आता काच आली. फायबर म्हणजे केसाएवढी, 125 मायक्रॉनची काडी आणि तिच्या पोटात 9 मायक्रॉनची वाट. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. म्हणून घरातल्या डब्याला वीज द्यावी लागते, आणि इन्व्हर्टरवर पंखा की नेट हा नवा वाद सुरू झाला. काच जास्त वाकवली तर प्रकाश बाहेर सांडतो आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा आता म्हाताऱ्यांनाही ओळखू येतो. "लाल झाला रे," असं आजी सांगते. तुटली तर ती नुसती पीळ देऊन जोडता येत नाही, मशीननं वितळवून सांधावी लागते. मशीन महाग, म्हणून ते एकाकडे, आणि बाकीची पोरं त्याची वाट पाहतात. फोन केला की कळतं, "मशीनवाला बडनेऱ्याले गेलाय."

काच तुटते कशानं, याची यादी शहरागणिक वेगळी. अमरावतीत वडाळी-पोहऱ्याच्या जंगलातून वानरं येतात आणि वायरींवर झोके घेतात. वाराणसीत तर 2015 साली घाटावरच्या फायबर केबली माकडांनी खाल्ल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. आमची वानरं नुसती लोंबकळतात, हे आमचं भाग्य. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला येतं. उंच पालख्यांपुढे बांबूनं तारा वर उचलणारी पोरं चालतात. एखादी तार निसटतेच. मंगळवारी हेल्पलाइनवाली विचारते, "सर, राउटर रीस्टार्ट केला होता का?"

अकोल्यात आमचे मामा राहतात, जुन्या शहरात. घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं, खालच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन फूट जाड. मेमध्ये बाहेर डांबर वितळत असताना त्या घरात बसवतं ते या भिंतींमुळे. पण जी भिंत ऊन आत येऊ देत नाही ती वायफायची भीड कशाला ठेवेल. मामांना छपरीतून मागच्या खोलीत दोन गोष्टी न्यायच्या होत्या. एक नेट, कारण मामेभाऊ पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. दुसरी लँडलाइनची घंटी. फायबरबरोबर फोन फुकट आला आणि 0724 चा जुना नंबर तोच राहिला. दालमिलवाले, अडते, सोयरे, सगळ्यांच्या वहीत तो आहे, आणि मोबाइलवर तुरीचा भाव सांगणाऱ्या माणसावर मामांचा विश्वास नाही.

मामींची बाजू निराळी होती. "दुपारी हे मांगच्या खोलीत लवंडतेत. घंटी वाजते छपरीत. हे उठून येईस्तोर बंद. मंग मलेच विचारतेत, कोणाचा होता? मले काय सपन पडलं?"

एका सोमवारी पोरगा आला. ड्रिलला लांब बिट लावली आणि घुसवली. पांढरी माती भुरभुर खाली आली. बिट मुठीपर्यंत आत गेली. तो थांबला. "मामा, भिंत संपून नाही राहिली."

"संपन कशी? आबाजीनं बांधली हाये," मामा अभिमानानं म्हणाले.

मग दुसऱ्या बाजूनं भोक पाडायचं ठरलं. इंग्लिश खाडीखाली 50 किलोमीटरचा बोगदा फ्रान्स आणि इंग्लंडनं दोन्ही टोकांकडून खणला. 1 डिसेंबर 1990 ला दोघं मध्ये भेटले तेव्हा फरक निघाला जेमतेम फूटभराचा. मामांच्या दोन फुटी भिंतीतही फरक तेवढाच आला, हे मला उल्लेखनीय वाटतं. दोन्ही भोकं एकमेकांना चुकवून गेली. तिसरं भोक पडलं, ते देवघरात निघालं, बरोबर गजानन महाराजांच्या फोटोमागे. पोरगा घाबरला. मामींनी हात जोडले. मामा क्षणभर विचार करून म्हणाले, "महाराजायचीच इच्छा हाये. इथूनच ने." पहिली दोन भोकं बुजवू दिली नाहीत. पुढे कामात येतील.

वायरीच्या वेळी पोरानं आपलं कसब दाखवलं. लॅनच्या केबलीत आठ तारा असतात, चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. प्लगमध्ये त्या सरळ रांगेत बसत नाहीत. हिरव्या जोडीला फाकवून मध्ये निळी बसवतात. कारण मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनच्या आहेत. नेटच्या प्लगनं त्या मोकळ्या ठेवल्या. शंभर एमबीपीएसच्या वेगाला केशरी आणि हिरवी पुरते, निळी रिकामी राहते. तिच्यावर फोन चालवता येतो. "मामा, नेट अन् फोन एकाच वायरीत नेतो."

मामांनी हे दोनदा समजून घेतलं. अकोल्याचा माणूस तंत्रज्ञानाची कदर करतो, पण बिल पाहून. "म्हणजे एक वायर वाचली. मंग तिचे पैसे कमी कर."

मागच्या खोलीत फोन वाजला. मामींनी छपरीतून मोबाइलवरून लावून पाहिला, मामांनी पलंगावरून उचलला, "कोण बोलून राहिलं?" विचारलं, आणि आवाज भिंतीतून नाही, वायरीतून आला याची खात्री करून घेतली. मामेभाऊ मात्र लॅपटॉपसमोर बसून वेग मोजत होता. प्लॅन दोनशेचा, आणि काटा शंभराच्या अलीकडे थांबलेला. शंभराच्या वरची पायरी थेट हजाराची, आणि त्या वेगाला चारही जोड्या लागतात. इथं एक जोडी तुरीच्या भावाला दिलेली. मामेभावानं हे तावातावानं मांडलं. मामांनी विचारलं, "शंभरात तुह्या मीटिंगमधलं कोणतं काम अडते?" तो म्हणाला, अडत काही नाही, पण आपण पैसे दोनशेचे देतो. हा मुद्दा मामांच्या काळजाला लागला. दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा बोलावून त्याच महाराजांमागच्या भोकातून दुसरी वायर नेली. पैसे कमी केलेल्या वायरीचेच दिले, जास्त नाही.

मग मागच्या खोलीत दुसरा राउटर बसला आणि दोन दिवस घरात कोणाचंच नेट धड चालेना. प्रत्येक राउटर जन्मतः स्वतःला घराचा कर्ता समजतो. घरातल्या प्रत्येक मोबाइलला नंबर वाटणं हे आपलंच काम, अशी त्याची समजूत. एका तारेवर असे दोघं आले, दोघांचा पत्ताही 192.168.1.1 हाच, तर मोबाइलनं कोणाचं ऐकावं? त्यावर इलाज असा, की मागच्याचा पत्ता बदलायचा आणि त्याच्या वाटपाचा अधिकार, डीएचसीपी म्हणतात तो, बंद करायचा. वाटप फक्त छपरीतल्यानं करायचं, मागच्यानं नुसतं पुढे पोचवायचं. मामेभाऊ हे मला समजावत होता तेव्हा मामा बंगईवर होते. त्यांनी या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा मान डोलावली. "बरोबर हाये. हे यंत्र बनोणारा माणूस घरंदाज असन."

आता मामांच्या घरी कुठेही उभं राहा, रेंज भरपूर. न्हाणीत येते, गच्चीवर येते, जिन्याखाली जिथं कोणी जात नाही तिथंही येते. मी मेमध्ये गेलो तेव्हा दुपारी अख्खं घर छपरीत बसलं होतं. मामेभाऊ, त्याची बायको, पोरं, मामा, मामी, सगळे कूलरसमोर, कारण कूलर एकच आणि तो छपरीत. मामेभाऊ कानाला हेडफोन लावून पुण्याशी इंग्रजीत बोलत होता आणि मामा त्याच्या शेजारी बसून ऐकत होते. मागच्या खोलीत फोन वाजला. मामा उठून जाईपर्यंत बंद पडला.

"मी काय म्हणते," मामी म्हणाल्या, "तो फोन अन् ते दुसरं यंत्र उन्हाळ्यापुरतं छपरीत आणून ठेवलं तं?"

"राहू दे तिथीच," मामा म्हणाले. "पैसे त्या खोलीचे देल्ले."